बालविभागाची वही: सहा संगणक आणि एक पेटी

मंगळवार, १० जून २०२५

वाचनालयाच्या बालविभागामागची खोली रिकामी केली. तीस-पस्तीस वर्षांचे दिवाळी अंक माळ्यावर गेले, शिपाईमामांच्या कमरेत उसण भरली आणि सहा संगणक टेबलांवर बसले. वापरून काढून टाकलेले आहेत, पण चालतात. शाळा सोमवारी उघडतायत. त्याआधी इथलं इंटरनेट सुरू करायचं आणि ते मुलांसाठी 'सुरक्षित' करायचं, असा कार्यकारी मंडळाचा ठराव आहे. सुरक्षित म्हणजे नेमकं काय, ते ठरावात नाही. ते शोधायचं काम ग्रंथपालाचं, म्हणजे माझं. म्हणून ही वेगळी वही.

वहीचा एक नियम आजच घालून घेते: मुलांची नावं लिहायची नाहीत. इयत्ता पुरे.

टेबलं कशी लावायची यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी मुलांची पाठ माझ्या टेबलाकडे आणि सगळे पडदे मला दिसतील अशी लावली. खर्च शून्य.

शनिवार, १४ जून

फायबरवाला जोडणी देऊन गेला. त्याला विचारलं, मुलांसाठी काही बंदोबस्त? तो म्हणाला, "मॅडम, आमचं काम लाइन द्यायचं." बरोबर आहे.

मग मीच बसले. राऊटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलून क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ घातला, दुसरा १.०.०.३. ही त्यांची कुटुंबांसाठीची फुकट सेवा, २०२० सालापासूनची. चिटणीसांना समजावताना आमच्या कार्ड-तालिकेचं उदाहरण दिलं. वाचक पुस्तकाचं नाव सांगतो, तालिका कपाटाचा नंबर सांगते. इंटरनेटवर साइटचं नाव टाकलं की डीएनएस तिचा नंबर सांगतो. ही तालिका अश्लील साइटचा आणि व्हायरसवाल्या साइटचा नंबरच सांगत नाही. पुस्तक कपाटात आहे, पण वाचकाला कपाट सापडत नाही. चिटणीसांनी लगेच विचारलं, "आणि कपाट आधीच माहीत असलं तर?" प्रश्न चांगला होता. मी चहा मागवला.

गूगलचा सेफसर्च (शोधताना अश्लील निकाल गाळणारा) चालू केला, यूट्यूबचा नको ते व्हिडिओ गाळणारा मर्यादित मोडही. त्या मोडमध्ये व्हिडिओखालच्या कॉमेंट दिसत नाहीत, हा मला जास्त मोलाचा फायदा वाटला. मुलांसाठी विंडोजमध्ये साधं खातं, काही बसवायचं असेल तर माझा पासवर्ड.

शिवाय ब्राउझरमध्ये शब्द अडवणारं एक एक्स्टेंशन टाकलं. त्याला शब्दांची यादी द्यावी लागते. मराठी शब्द त्याला येत नाहीत, ते आपणच भरायचे. मंडळाचे चार जण बसलेलेच होते, त्यांच्याकडून यादी घेतली. साठी ओलांडलेले चार सभ्य गृहस्थ ग्रंथपाल बाईंना अश्लील शब्द सांगतायत, एकजण खिडकीबाहेर बघत, एकजण कागदावर लिहून कागद उलटा करून. सगळ्यात जास्त शब्द खजिनदारांना येत होते. एकूण ४१ भरले.

शनिवार, २१ जून

चाचणी. सातवी ते नववीची सहा मुलं बोलावली आणि सांगितलं, हे फोडून दाखवा, फोडणाऱ्याला श्रीखंडाची गोळी.

अकरा मिनिटं लागली.

आठवीतला एक उठला, पाणी प्यायला म्हणून गेला, आणि जाता जाता राऊटर उचलून त्याच्या पोटावरचा स्टिकर वाचून आला. पत्ता, नाव, पासवर्ड सगळं त्यावर छापलेलं. मी ते बदललंच नव्हतं. दुसऱ्याने राऊटरला हातही लावला नाही; ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सुरक्षित डीएनएस' म्हणून एक बटण असतं, तिथे दुसरी तालिका निवडली की आमची तालिका बाजूला पडते. तिसरी नववीतली. तिने दप्तरातून फोन काढला, हॉटस्पॉट लावला आणि संगणक त्यावर जोडला. "मॅडम, तुमचं वायफाय घ्यायलाच पाहिजे असं कुठंय?"

तीन गोळ्या गेल्या. राऊटरचा पासवर्ड बदलला, स्टिकरवर कागद डकवला आणि राऊटर माझ्या कपाटावर चढवला. ब्राउझरचं ते सेटिंग मुलांच्या खात्यातून बंद केलं. हॉटस्पॉटसाठी उपाय नाही. संगणकाला दुसरं वायफाय शोधायची मनाई करता येते, ती केली, पण फोन तर त्यांच्या हातातच आहे. इथे सहा पडदे माझ्या नजरेसमोर आहेत, घरचा एक माझ्या नजरेआड आहे, आणि ही मुलं माझ्याकडे असतात आठवड्यातून तीन-चार तास.

सोमवार, ३० जून

सहावीतली मुलगी दुपारी रडवेली होऊन आली. शाळेतून प्रकल्प मिळालाय, विषय 'सस्तन प्राणी'. कुठलंही पान उघडलं की लाल पाटी येते: 'हा मजकूर अडवला आहे.' वर्गातल्या मुलांनी पाहिलं आणि ती काहीतरी घाण शोधत होती म्हणून चिडवलं.

यादी काढून पाहिली. आमच्या ४१ शब्दांतला एक 'सस्तन'च्या पोटात बसलाय. गाय, म्हैस, देवमासा, वटवाघूळ, सगळे अडकले. मग कर्करोगाची माहिती अडकली, बाळाला अंगावर पाजण्याची अडकली, मासिक पाळीवरचं एका सरकारी आरोग्य विभागाचं पान अडकलं. यादीतल्या दुसऱ्या एका शब्दाने एका नदीचा घाट अडवला होता, तो इथे लिहीत नाही.

एक्स्टेंशन काढून टाकलं. पोरीला वटवाघळाचे चार छान फोटो छापून दिले आणि चिडवणाऱ्या तिघांना बोलावून 'सस्तन' शब्दाचा अर्थ वहीत दहा वेळा लिहायला लावला. खजिनदार थोडे नाराज झाले. त्यांची मेहनत होती.

रविवार, १३ जुलै

पालकसभा. वारी आटोपून लोक परत आलेत, म्हणून आजचा दिवस धरला होता. आल्या ३४ आया, ३ वडील, १ आजोबा.

मी चाळीस मिनिटांची तयारी करून गेले होते, गूगलच्या फॅमिली लिंकवर. मुलाच्या फोनवर त्याचं वेगळं खातं, आपल्या फोनवरून त्याची वेळ ठरवायची, कुठलं अ‍ॅप घ्यायचं ते आपण मंजूर करायचं. सुरुवातीलाच विचारलं, मुलाकडे स्वतःचा फोन आहे अशांनी हात वर करा. पाच हात आले.

बाकीच्या घरांत चांगला फोन एकच, तो वडिलांचा. ते संध्याकाळी घरी आले की तासभर पोरांच्या हातात. आईचा फोन असलाच तर काच फुटलेला, साठा भरलेला. फॅमिली लिंक उभी आहे ती एका गृहीतावर, की ज्याचा त्याचा फोन वेगळा. आमच्याकडे फोन हा पाण्याच्या तांब्यासारखा, सगळ्या घराचा. त्यावर खातं वडिलांचं, वय वडिलांचं, बघण्याचा इतिहासही वडिलांचाच. मुलगा नऊ वर्षांचा आहे हे त्या फोनला कुणी सांगितलेलंच नाही.

चाळीस मिनिटं बाजूला ठेवली. म्हटलं, फोन काढा, आत्ता इथे चार गोष्टी करू. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावला. पैशांच्या अ‍ॅपला कुलूप घातलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत जाऊन कुणीही उठून आपल्याला ग्रुपमध्ये घालू शकणार नाही असं केलं, फक्त ओळखीचे घालू शकतील. आणि अ‍ॅप पिन करायला शिकवलं: पोराला कार्टून लावून दिलं की ते अ‍ॅप पडद्याला खिळवून टाकायचं, पिन टाकल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. ही शेवटची युक्ती सगळ्यांना आवडली. आजोबांनी ती खिशातल्या डायरीत पायऱ्या घालून उतरवून घेतली.

मध्येच विचारलं, घरचा यूपीआय पिन पोरांना माहीत आहे का? आठ आया हो म्हणाल्या. त्यातल्या दोघींना तो स्वतःला माहीत नव्हता. रिचार्ज पोरगंच करतं.

एक प्रश्न परत परत आला: "मॅडम, देऊच नये का मग फोन?" शाळेचा अभ्यास ग्रुपवर येतो, तो ग्रुप त्याच फोनवर आहे. मी काही ठोस उत्तर दिलं नाही.

शनिवार, १९ जुलै

मंडळाची बैठक. अध्यक्षांनी मोहित्यांच्या वडगावचा विषय काढला. आमच्याच जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं गाव. तिथे २०२२च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात, साडेआठला पुन्हा भोंगा. पेपरात खूप आलं होतं. अध्यक्ष म्हणाले, आपणही वाचनालयावर भोंगा बसवू.

मला ते वडगावचं आवडतं, पण अध्यक्षांना वाटतं त्या कारणासाठी नाही. भोंगा काय, गिरणीवरही असतो. तिथे अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, आणि बंद व्हायचे होते ते मोठ्यांचेही फोन. आई मालिका बघतेय आणि पोराला 'सात वाजले' म्हणतेय, असं नव्हतं. आमचं गाव तालुक्याचं, बाजारपेठ साडेनऊपर्यंत उघडी. सातला इथला बाप दुकानात असतो.

भोंगा नामंजूर. अध्यक्षांनी तसं इतिवृत्तात मात्र येऊ दिलं नाही. 'विचारार्थ ठेवला' असं लिहिलंय.

शनिवार, २३ ऑगस्ट

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेत मंजूर झाला, काल राष्ट्रपतींची सही झाली. फळ्यावर बातमी लिहिली. पाचवीतला एक बराच वेळ फळ्यासमोर उभा होता. मग जवळ येऊन विचारलं, "मॅडम, म्हणजे बाबांचे आधीचे परत मिळतील?"

गणपतीची सुट्टी लागेपर्यंत एवढंच.

शनिवार, १३ सप्टेंबर

आठवड्यापूर्वी प्रश्नपेटी सुरू केली. जुनी सूचनापेटी होती, पत्र्याची, तिला हिरवा रंग दिला. नाव लिहायचं नाही, इंटरनेटबद्दल काहीही विचारायचं, उत्तर सोमवारी फळ्यावर. चिठ्ठ्या वाचून मी फाडून टाकीन, असं सगळ्यांसमोर सांगितलं. किल्ली माझ्या मंगळसूत्रात अडकवलीय, गमतीने नाही.

पहिल्या आठवड्यात २३ चिठ्ठ्या. गणिताच्या वहीची पानं, चौकटीचा कागद, काही इतक्या बारीक घड्या घातलेल्या की उलगडताना फाटल्या. सात निव्वळ टवाळी ('मॅडम तुमचा वायफायचा पासवर्ड काय'). बाकीच्या अशा: आयडी हॅक झाली तर डायमंड (गेममधलं चलन) परत येतात का. आपण डिलीट केलेला मेसेज समोरच्याने आधीच वाचला असेल तर तो पण जातो का. इन्स्टावर एक अनोळखी दादा रोज गुड नाइट पाठवतो, उत्तर नाही दिलं तर उद्धटपणा होतो का. या शेवटच्या चिठ्ठीपाशी मी बराच वेळ थांबले. मोठ्यांना उलट बोलू नये, विचारलं तर उत्तर द्यावं, हे आपणच घोटून शिकवलेलं असतं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'अनोळखी माणसाला उत्तर न देणं उद्धटपणा नाही. ब्लॉक करताना त्याची परवानगी लागत नाही.'

एक चिठ्ठी स्टिकरची. वर्गातल्या एकाने हिचा फोटो कापून, खाली काहीबाही लिहून स्टिकर केलाय आणि तो वर्गाच्या ग्रुपवर फिरतोय. तिच्या वर्गशिक्षिका इथे पुस्तकं न्यायला येतात, त्यांच्या कानावर घातलं, नाव न घेता. त्यांनी सगळ्या वर्गालाच बसवून आपापल्या फोनमधून ते काढायला लावलं. बनवणाऱ्या पोराला वाटत होतं की फोटो ग्रुपवर आला म्हणजे तो सगळ्यांचा झाला. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक गोष्ट पोलिसांपर्यंत न्यायची नसते.

आणि ही, जशीच्या तशी उतरवते, मग फाडते:

'बाबांच्या फोनवर मी कार्टून बघतो. मधीच घाण जाहीरात येते. ती मी लावत नाही. आपोआप येते. तरी मार बसतो.'

सोमवार, १५ सप्टेंबर

कालचा रविवार त्या चिठ्ठीत गेला. माझ्याच घरच्या फोनवर पडताळून पाहिलं. यजमान रात्री जे बघतात त्याच्या आसपासचं सकाळी भाचीला कार्टून बघताना पुढे येतं, व्हिडिओही आणि जाहिरातीही. यंत्राला बोट कुणाचं आहे ते कळत नाही, त्याला खातं कळतं. (यजमान सध्या माझ्याशी कमी बोलतायत. ते बघत होते ते फक्त ट्रॅक्टरचे व्हिडिओ, असं त्यांचं म्हणणं.)

उपाय आहेत. बघितल्याचा इतिहास पुसता येतो, नोंद ठेवणं थांबवता येतं. गूगलच्या जाहिरात सेटिंगमध्ये जुगार, दारू, डेटिंग अशा विषयांच्या जाहिराती कमी करायला सांगता येतं. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स वेगळं आहे. काही फोनमध्ये दुसरा वापरकर्ता तयार करता येतो, म्हणजे एकाच फोनात दोन घरं. सगळं करून वीस मिनिटांचं काम. पण ते करायला आधी बापाने मान्य करावं लागतं की ते पोराचं नव्हतं.

दारावर कागद लावला: 'फोन ज्याचा, जाहिराती त्याच्या. मुलांना मारण्याआधी इतिहास तपासा. मदत हवी असल्यास शनिवारी ४ ते ६.'

मंगळवार, १६ सप्टेंबर

कागद कुणीतरी फाडून नेला. दुसरा लावला, वर सेलोटेप.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर पहिला शनिवार, १४ मुलं. सगळ्यांना विचारलं, खातं उघडताना जन्मवर्ष काय टाकलं? अकरा जणांनी खोटं. बहुतेकांनी २०००, कारण ते पटकन सापडतं. एकाने १९४७. "लक्षात राहतं ना मॅडम."

त्यांना समजावताना दमछाक झाली, कारण खोटं बोलू नये या वाटेने गेलं की ती हसतात. दुसऱ्या वाटेने गेले. इन्स्टाग्रामने या वर्षी फेब्रुवारीपासून भारतातही अल्पवयीन मुलांची खाती वेगळी केली आहेत: खातं आपोआप खासगी, अनोळखी माणूस थेट मेसेज करू शकत नाही, आणि १६ वर्षांखालच्यांना हे बदलायला पालकांची परवानगी. पण हे सगळं जन्मवर्षावर चालतं. १९४७ टाकलंस म्हणजे तू स्वतःला ७८ वर्षांचा आजोबा केलंस. आजोबांना कोण सांभाळत बसणार? हे मात्र पटलं. चौघांनी वय दुरुस्त करायचं म्हटलं. एकाला ते करताना ओळखपत्र मागितलं, तो कंटाळून उठला. खोटं सांगायला काही लागत नाही, खरं सांगायला कागद लागतात.

२०२३चा विदासंरक्षण कायदा (लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा) मुलाची व्याख्या १८ वर्षांखाली करतो आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. आमच्या चौदा जणांत पालकाने स्वतः खातं उघडून दिलेला एकच निघाला, आणि त्याच्या वडिलांनीही २००० टाकलं होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पेटीत एकच चिठ्ठी. 'मॅडम, एकटीला बोलायचं आहे. उद्या नकाशाचं पुस्तक मागेन ती मी.'

बुधवार, १२ नोव्हेंबर

आली. आठवीतली. नकाशाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बोलली, मध्येच कुणी आलं तर बोट कोकणावर फिरवायची.

इथे थोडक्यातच लिहिते. एका गेमच्या चॅटमध्ये ओळख झाली. तो स्वतःला दुसऱ्या जिल्ह्यातला नववीतला मुलगा म्हणवतो. आधी डायमंड पाठवले. मग 'इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर ये'. मग आई रागावते का, घरी कोण कोण असतं, एकटी कधी असतेस. मग फोटो. हिने शाळेच्या गणवेशातला एक पाठवला. आता दुसऱ्या तऱ्हेचा मागतोय, नाही दिला तर सगळं बोलणं तुझ्या बाबांना पाठवीन म्हणतोय. तसा फोटो हिने पाठवलेला नाही. तीन आठवडे झोप नाही.

मी विचारलं, आईला का नाही सांगितलंस? "फोन काढून घेतील. आणि शाळा पण बंद करतील."

तो माणूस नेमक्या याच भीतीवर टेकून उभा आहे. त्याच्याकडे दुसरं काही नाही.

तिला तीन गोष्टी सांगितल्या. तू काही चुकीचं केलेलं नाहीस. त्याला उत्तर द्यायचं नाही, पण काही पुसायचंही नाही. आणि हे मला पुढे सांगावं लागेल, ते मी तुझ्या पाठीमागे करणार नाही. तिने विचारलं, कुणाकुणाला? मी यादी सांगितली: तुझे आईबाबा, पोलीस, आमचे अध्यक्ष. बराच वेळ नकाशाकडे बघून म्हणाली, "अध्यक्षांना नाव नका सांगू." नाही सांगितलं.

मेसेजचे, त्याच्या आयडीचे, प्रोफाइलच्या पत्त्याचे फोटो तिनेच तिच्या फोनवर काढले, तारखा दिसतील असे. माझ्या फोनवर काहीही घेतलं नाही. तसं आक्षेपार्ह चित्र असतं तर ते पुरावा म्हणूनसुद्धा इकडून तिकडे पाठवायचं नसतं. साठवणंही गुन्हा ठरू शकतं; सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये ते स्पष्ट केलंय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी तिच्या आईला वाचनालयात बोलावलं. ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य आलं, "आजपासून फोन बंद तिचा." मी म्हटलं, "ताई, ती आपणहून सांगायला आली. आता फोन काढून घेतलात तर पुढच्या वेळी ती मला सांगणार नाही, तुम्हालाही नाही, कुणालाच नाही." त्या गप्प राहिल्या. पदराने चष्मा पुसला. "मग मी रागवायचं कुणावर, मॅडम?"

अध्यक्षांना फक्त 'एका सभासद मुलीची तक्रार' एवढं सांगितलं. ते म्हणाले, घरच्यांना कळलं ना, मग आपण कशाला मध्ये पडायचं, वाचनालयाचं नाव येईल. त्यांचा स्वभाव वाईट नाही, घाबरले होते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम १९ काढून समोर ठेवलं: असा गुन्हा झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. आणि कलम २१: न कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र काही कारवाई होत नाही. अध्यक्षांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "मग चला, मी पण येतो." आले.

दुपारी १०९८ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करून पुढचं विचारून घेतलं, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आईच्या हाताने तक्रार भरली, मग ठाण्यात. १९३० हा दुसरा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी, तो फळ्यावर आधीपासून आहे. त्याच्या वर आता १०९८ मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

काल बालदिन. पोक्सो लागू झाला तोही २०१२च्या बालदिनालाच, हे काल कागद चाळताना लक्षात आलं.

काल संध्याकाळी महिला उपनिरीक्षक मुलीच्या घरी गेल्या. पंजाबी ड्रेसमध्ये, गणवेश नाही, गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून. कायद्यातच तसं आहे, मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हवं तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय. मला वाटायचं या पुस्तकातल्या गोष्टी. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा आईने 'माझी मावसबहीण' सांगितलं. चहा-पोहे झाले. मुलगी दीड तास बोलली, आई बाजूला बसून होती. पुढचं त्यांच्याकडे, माझ्या वहीत नाही.

एक नोंद पुढच्यासाठी: तसा फोटो कुणाचा गेलाच असेल, तर 'टेक इट डाऊन' ही फुकट सेवा आहे, अमेरिकेतल्या एनसीएमईसी या मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेची, १८ वर्षांखाली काढलेल्या फोटोंसाठी. फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून फोटो उतरवतात. या वेळी लागली नाही.

बुधवार, १० डिसेंबर

ऑस्ट्रेलियात आजपासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खातं ठेवता येणार नाही. जबाबदारी मुलांवर नाही, कंपन्यांवर. मोठ्या मुलांना वादविवादाला हाच विषय दिला. बाजूने नऊ, विरोधात पाच, म्हणजे माझ्या अंदाजाच्या नेमकं उलट. बाजूने बोलणाऱ्या एका मुलीचा मुद्दा: सगळ्यांचंच बंद असेल तर मला एकटीला वेगळं वाटणार नाही. १९४७वाला विरोधात होता. तो म्हणाला, तिथली पोरं पण आता १९०१ टाकतील, त्यांचं स्वातंत्र्य त्याच वर्षीचं ना? सालाची नोंद बघितली. ऑस्ट्रेलियाचं संघराज्य खरंच १९०१चं. स्वातंत्र्य म्हणता येईल का ते वेगळं, पण गोळी द्यावी लागली.

शनिवार, १७ जानेवारी २०२६

आज साडेपाचला एक गृहस्थ आले, हमालीचं काम करत असावेत, खांद्यावर टॉवेल. दाराशी कागद वाचत उभे राहिले. सेलोटेपला हात लावून पाहिला. मग आत आले आणि फोन टेबलावर ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते यूट्यूबचं पुसायचं असतं म्हणं."

तीन नंबरच्या टेबलावर बसवलं. अंगठा मोठा, पडद्यावर दोनदा चुकला. इतिहास पुसला, नोंद थांबवली, जाहिरातींच्या सेटिंगमध्ये चार विषय बंद केले. त्यांच्या फोनमध्ये दुसरा वापरकर्ता बनवता येत होता, तोही बनवला. फोनने नाव विचारलं. त्यांनी पोराचं नाव सांगितलं, मी टाइप केलं, ते म्हणाले वेलांटी दुसरी. वीस मिनिटं लागली. बाहेर एक पोरगं चपला न काढता पायरीवर बसून होतं, आत बघत नव्हतं.

तो चिठ्ठीवालाच का, ते विचारायचं कारण नव्हतं. चिठ्ठी मी तेव्हाच फाडली होती.

राहिलेलं काम: चार नंबरचा माऊस. पालकसभेची पुढची तारीख रात्री आठनंतरची धरायची, म्हणजे दुकानं बंद करून बाप लोक येतील. आणि पेटीचं कुलूप बदलायचं. दुसरी किल्ली चिटणीसांकडे आहे असं कालच कळलं.